एक्स-रे नॉर्मल, पण नडगी ठणकते

पत्र : मी नववीत आहे, कोथरूडला राहते. आठ वर्षांची असल्यापासून आर्टिस्टिक स्केटिंग करते, क्वाडवर (चार चाकांच्या स्केट्सवर), फ्रीस्टाईल, म्हणजे उड्या आणि स्पिनचा प्रकार. जिल्ह्यात दुसरी आले, आता पाच आठवड्यांवर स्टेट आहे. पावसाळ्यात रिंक ओली असते म्हणून आठवड्याला तीनच दिवस हॉल मिळायचा, तेव्हा दिवसाला चाळीसएक जंप व्हायच्या. आता सहा दिवस प्रॅक्टिस आहे आणि रोज सत्तर तरी होतात, कारण डबल सॅल्को (हवेत दोन फेरे घ्यायची उडी) अजून बसत नाही. महिना झाला, उजवी नडगी दुखते. आतल्या बाजूला, घोट्याच्या सहा-सात बोटं वर, एकाच जागी. आधी फक्त प्रॅक्टिसनंतर दुखायची. आता शाळेचा जिना उतरताना कळ येते आणि रात्री ठणकते. तिसऱ्या दिवशीच एक्स-रे काढला होता, तो नॉर्मल आला. सर म्हणाले, सीझनमध्ये सगळ्यांनाच दुखतं, टेप लाव. प्रॅक्टिसच्या आधी कॉम्बिफ्लाम घेतली की दीड तास निभतो. वजन दोन किलो कमी करायचंय, म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. आईने माझ्यासाठी अर्धवेळ नोकरी धरली, स्केट्स हप्त्यांवर घेतले. रात्री ठणकतं हे तिला सांगितलेलं नाही. बर्फावर स्केटिंग करणारा जपानचा हान्यूसुद्धा दुखापतीत खेळून ऑलिंपिक जिंकला. मी पाच आठवडे काढू शकेन ना? (नाव छापू नका.)

उत्तर : नाही, काढायचे नाहीत. आजपासून उड्या बंद, स्पिनही बंद, गोळीही बंद. आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, शक्यतो खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या. तशी ओळख नसेल तर ससूनच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवलं तरी चालेल. तुला काय झालंय ते पत्रावरून ठरवता येत नाही, पण तू लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र आल्या की आमच्या मनात पहिली शंका हाडाला बारीक तडा जाण्याची येते, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची. एकच जागा, जिन्यावर कळ, रात्रीचा ठणका, आणि दुखणं आठवड्यागणिक लवकर सुरू होणं.

स्केटरची नडगी दुखते तेव्हा बहुतेकदा ते ‘शिन स्प्लिंट’ असतं. त्यात नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टाच दुखरा लागतो, वॉर्म-अपनंतर दुखणं जरा निवतं, रात्री झोप लागते. तडा असेल तर दुखरी जागा रुपयाच्या नाण्याएवढी असते. तिथे बोट टेकलं की पाय मागे खेचला जातो, आणि वॉर्म-अपने ते निवण्याऐवजी वाढत जातं. आज रात्री पलंगावर बसून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंगठ्याने हळूहळू दाबत ये आणि दुखेल तिथे पेनाने खूण कर. खुणा किती लांब पसरल्या आहेत ते पट्टीने मोजून कागदावर लिही. एका पायावर उडी मारून बघू नकोस. मैत्रिणी तेच सांगतील, पण ती चाचणी डॉक्टरांसमोर एकदाच करायची असते. आणि दुखरी जागा आतल्या कडेवर नसून नडगीच्या समोरच्या धारेवर मधोमध निघाली, तर ती आठवड्यावरही टाकू नकोस, उद्याच जा. तिथला तडा भरायला फार चिवट असतो आणि पूर्ण मोडण्याचा धोकाही जास्त.

आता तो नॉर्मल एक्स-रे. सगळा घोळ तिथे झालाय. बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. हाड भरून यायला लागतं, त्याच्याभोवती नवं हाड जमतं, तेव्हा कुठे अंधूक रेघ उमटते. काही वेळा तीही उमटत नाही. तुझा एक्स-रे तिसऱ्या दिवशीचा आहे, म्हणजे त्यावरून ‘काही नाही’ असा निकाल लागत नाही. यासाठी नडगीचा एमआरआय लागतो. त्यात हाडाच्या आतली सूज दिसते, तडा पडण्याच्या आधीचीसुद्धा. किरणोत्सर्ग नाही, बहुधा इंजेक्शनही लागत नाही, अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहायचं. डॉक्टरांनी पुन्हा साधा एक्स-रेच सांगितला तर आईने सरळ विचारावं, ‘महिनाभर एकाच जागी दुखतंय, रात्रीही ठणकतंय, एमआरआय करायचा का?’

हे झालं कशामुळे, तर तुझेच आकडे मांडून बघ. पावसाळ्यात तीन दिवस गुणिले चाळीस, म्हणजे आठवड्याला १२० उड्या. आता सहा गुणिले सत्तर, म्हणजे ४२०. साडेतीन पट, तेही काही आठवड्यांत. तू डावीकडे फिरत असशील (दुखरा पाय उजवा, म्हणजे बहुतेक तसंच), तर टो लूप असो, फ्लिप असो की अॅक्सल, उतरायचं उजव्याच पायावर, मागे जात, बाहेरच्या एजवर, म्हणजे पायाच्या बाहेरच्या कडेवर. चारशे वीसच्या चारशे वीस एकाच नडगीवर. उडीवरून उतरताना पायावर वजनाच्या पाच ते आठ पट भार येतो असं साधारण धरतात. ४० किलोच्या मुलीसाठी प्रत्येक वेळी २०० ते ३२० किलो. हाड हे सोसतं, सोसून मजबूतही होतं, पण त्याला मधे भरून यायला वेळ लागतो. भार एकदम वाढवला की झीज पुढे आणि भरणं मागे राहतं. पुण्यात हे दर वर्षी घडतं. जून ते सप्टेंबर उघड्या रिंक ओल्या, मुलं पार्किंगमध्ये नाहीतर तासावर घेतलेल्या हॉलमध्ये, आणि ऊन पडलं की चार महिन्यांचा बॅकलॉग चार आठवड्यांत भरायची घाई.

त्यात तुझा डबल सॅल्को. ‘बसत नाही’ म्हणजे बहुधा पाव-अर्धा फेरा कमी पडतोय. तो उरलेला फेरा जातो कुठे? चाकं जमिनीला टेकून पकड घेतात, पायाचा पंजा तिथेच थांबतो आणि वरचं शरीर अजून फिरत असतं. मधली नडगी पिळली जाते, ओलं कापड पिळावं तशी. सरळ दाब हाडाला झेपतो, पीळ त्याहून कमी झेपतो. शिवाय दमल्यावर गुडघा न वाकवता उतरलं जातं, मग धक्का मांडीने घ्यायचा तो हाड घेतं. त्यामुळे तासाच्या शेवटच्या वीस मिनिटांत ‘अजून पाच, अजून पाच’ म्हणून मारलेले डबल सगळ्यांत महाग पडतात, आणि शिकायलाही त्यातून फारसं मिळत नाही. चुकीचा उतारच अंगवळणी पडतो.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. ती दुखणं गप्प करते, तडा भरत नाही. त्या दीड तासात हाडाकडून येणारी एकमेव सूचना तू बंद करून ठेवतेस आणि त्यावर सत्तर उड्या मारतेस. वर रात्री उपाशीपोटी, म्हणजे पोटालाही त्रास. टेपने स्नायूला थोडा आधार मिळतो, हाडाला नाही. घरातून कुणी हाडवैद्याचं किंवा तेल लावून रगडण्याचं सुचवेल, तर या जागेवर रगडायचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावलास तर हरकत नाही, आराम पडेल, एवढंच.

हान्यूचं उदाहरण तू दिलंस ते बरं झालं, कारण ते तुझ्या बाजूचं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये एनएचके ट्रॉफीच्या सरावात क्वाड लुट्झवर (इथे क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी) पडून त्याच्या उजव्या घोट्याचे लिगामेंट दुखावले. त्याने ती स्पर्धा सोडली. डिसेंबरची ग्रां प्री फायनल सोडली, त्याच महिन्यातली जपानची राष्ट्रीय स्पर्धाही सोडली. थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगला उतरला, तोही लुट्झ आणि लूप हे दोन क्वाड कार्यक्रमातून काढून. सुवर्ण जिंकल्यावर मार्चची जागतिक स्पर्धा परत सोडली. रीलमध्ये दिसतं ते फक्त सुवर्ण. आणि तो तेव्हा २३ वर्षांचा होता, हाडांची वाढ संपलेला. तू चौदाची असशील, तुझी अजून चालू आहे. बर्फावरच्या स्केटिंगमध्ये जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेलं, ते याच वयाच्या शरीरावर आणि मनावर येणारा ताण पाहून.

जेवणाचं जरा कडक सांगतो. रात्रीचं जेवण आजच सुरू कर. सहा दिवस प्रॅक्टिस करणाऱ्या वाढत्या मुलीने ते सोडलं, तर शरीर आधी चालणं-पळणं-शाळा यांना ऊर्जा देतं आणि हाडांची डागडुजी, पाळी ही ‘नंतरची’ कामं मागे टाकतं. म्हणून पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो. पाळी सुरू झाली आहे का, आणि असेल तर गेले तीन महिने आली आहे का? तीन महिने चुकली असेल किंवा पंधरा पूर्ण होईपर्यंत सुरूच झाली नाही, तर ते ‘खेळाडूंना होतंच’ म्हणून सोडायचं नसतं. डॉक्टरांना सांगायचं, सर समोर असतील तर त्यांना बाहेर थांबायला सांगून. तडा आणि चुकलेली पाळी एकत्र असली की उपचाराची दिशाच बदलते. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही तेव्हाच करून घ्या. तेरा ते पंधरा वयाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, हे राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण. दोन मोठे कप दूध किंवा दही झालं की साधारण अर्धं होतं. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी पावणेदोनशेच्या आसपास देते. वर तिळाची चटणी दोन चमचे. पोळी-भाजी-वरण-भात नेहमीसारखं, आणि प्रॅक्टिसनंतर तासाभरात काहीतरी खाणं, अगदी केळं आणि मूठभर शेंगदाणे का होईना. दोन किलो कमी करून डबल सॅल्को बसत नसतो. तो बसतो टेकऑफला डावा गुडघा वेळेवर सरळ होण्याने आणि हात लवकर आत येण्याने.

सुट्टी आहे तोवर स्केट्स बघून घे. उजवा बूट टेबलावर ठेवून मागून बघ, घोट्याचा भाग आत झुकला असेल, चामड्याला खोल घडी पडली असेल, तर बूट थकलाय. ट्रकमधले (बुटाखालच्या, चाकं धरणाऱ्या जोडातले) रबर चिरले असतील तर उतरताना पाय डुगडुगतो. दोन्ही स्केट्सचे सारखेच बदल आणि नट दोन्हीकडे सारखेच फिरवून घट्ट कर. पार्किंगच्या खरखरीत फरशीवर मऊ चाकं जास्त पकडतात, त्याने तो पीळ वाढतो. तिथे जरा कडक चाकं लागतात आणि गुळगुळीत हॉलमध्ये उलट. आणि हप्त्यांवर घेतलेले बूट ‘वाढत्या पायाचे’ म्हणून एक नंबर मोठे तर नाहीत ना? हा आपला हमखास हिशेब. शाळेच्या बुटाला चालतो, इथे नाही. गुडघा वाकवल्यावर टाच आत उचलली जात असेल तर दोन मोजे घालून भागत नाही. यातल्या कशानेही एकट्याने हाडाला तडा जात नाही, पण साडेतीनपट भारात हेही मिसळतं.

एमआरआयमध्ये तडा किंवा हाडाची सूज निघाली, तर आतल्या कडेच्या दुखापतीला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, जास्त असेल तर बारापर्यंत. म्हणजे यंदाची स्टेट गेली, हे आत्ताच मनाशी धर. चालतानाही दुखत असेल तर डॉक्टर काही दिवस वॉकिंग बूट किंवा कुबड्या देतील. रिकामं मात्र बसायचं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की पाण्यात पळता येतं. टिळक टँक असो की कुणाच्या सोसायटीचा पूल, खोल पाण्यात कमरेला फ्लोट बांधून, पाय तळाला न टेकवता, वीस मिनिटांपासून सुरुवात. पोट-पाठ-खांद्याचे व्यायाम चालू. प्रोग्रामचं संगीत लावून खुर्चीत बसून हात, मान, नजर. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, आणि परीक्षकांना कच्चं नेमकं हेच दिसतं.

एमआरआय स्वच्छ आला आणि नुसतं शिन स्प्लिंट निघालं, तर चित्र वेगळं. दोन-तीन आठवडे उड्या थांबवून, पोटरीचे व्यायाम करून, स्टेटला सिंगल जंपचा हलका प्रोग्राम करता येईल का, हे डॉक्टर आणि सर मिळून ठरवतील. तुझं नाव फिगर्समध्येही असेल तर तो भाग बहुधा वाचेल, कारण त्यात जमिनीवर आखलेल्या वर्तुळांवरून फिरायचं असतं, उडी नसते.

परतताना घाई होते आणि तडा त्याच जागी पुन्हा जातो, म्हणून हा भाग नीट वाच. सुरुवात कॅलेंडर बघून करायची नाही. हाड दाबून दुखत नाही, सलग पाच दिवस चालताना-जिन्यावर काही जाणवत नाही, उजव्या एका पायावर टाच उचलणं पंचवीस वेळा जमतं आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे चारही जमलं की स्केट्स घालायचे. पहिला आठवडा एक दिवसाआड वीस मिनिटं, फक्त एज आणि क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं). दुसरा आठवडा तीस मिनिटं, त्यात दोन पायांवरचे आणि मग उभे स्पिन. तिसऱ्या आठवड्यात वॉल्ट्झ जंप (अर्ध्या फेऱ्याची सोपी उडी), दिवसाआड दहा. चौथ्यात सिंगल टो लूप आणि सॅल्को, मिळून पंधरा. मग वीस-पंचवीस, फ्लिप, लूप. अॅक्सल त्यानंतर, आणि डबल सगळ्यांत शेवटी, एका दिवसात पाच प्रयत्न. एका आठवड्यात एकतर संख्या वाढवायची नाहीतर अवघडपणा, दोन्ही नाही. दहापैकी दोनच्या वर दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना नडगी बोलली, तर एक पायरी खाली. मोजायला आजीचं नामजपाचं बटणाचं काउंटर मिळालं तर उत्तम. रिंकच्या कठड्याला बांधून ठेव, पडलेली आणि अर्धवट सोडलेली उडीही दाबायची. मनात मोजलेला आकडा नेहमी दहाने कमी निघतो.

सरांशी प्रॅक्टिस चालू असताना, मुलांसमोर बोलू नकोस. आईला घेऊन दहा मिनिटं आधी जा, रिपोर्ट हातात दे आणि एवढंच म्हण : ‘सर, नडगीच्या हाडाला दुखापत आहे. डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत जंप बंद सांगितल्यात. तोवर मला स्केट्सशिवाय काय देता?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोचला हाताशी काम नसलं की तो काळजीपोटी लवकर बोलावतो. सीझनमध्ये सगळ्यांना दुखतं हे सरांचं म्हणणं पोटरी-मांडीच्या बाबतीत खरंच आहे, आणि रात्रीचा ठणका तू त्यांनाही सांगितला नसशील असा आमचा अंदाज आहे. रिपोर्ट पाहूनही ते ‘स्टेटपुरतं काढ’ म्हणाले, तर मात्र तो निर्णय त्यांचा राहत नाही, आईचा असतो. वजनाबद्दलही आईनेच बोलावं.

आईला आज रात्रीच सांग. जेवताना, कारण आज तू जेवणार आहेस. पत्राचा हा भाग तिला वाचायला दे :

ताई, तुमची मुलगी नोकरी आणि हप्ते यांचा हिशेब मनात घेऊन उड्या मारते आहे. तुम्ही तो बोलून दाखवला नसेल, पण घरात हप्त्याचा मेसेज आला की मुलांना कळतं. तिला एकदा स्पष्ट सांगा की स्केट्सचे हप्ते स्टेटच्या निकालाशी बांधलेले नाहीत. ‘तुला वाटेल तसं कर’ असं म्हणू नका, ती खेळायचंच ठरवेल. निर्णय तुम्ही घ्या, म्हणजे माघारीचा अपराध तिच्या डोक्यावर राहत नाही. माघार घ्यायची तर जिल्हा संघटनेला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह लेखी कळवा, स्पर्धेच्या दिवशी गैरहजर राहून नको. प्रवेश शुल्क कदाचित परत मिळणार नाही. स्टेटच्या दिवशी तिला बघायला जायचं असेल तर न्या, नको म्हणाली तर आग्रह करू नका. आणि दोन-तीन आठवड्यांनी ती चिडचिडी झाली, मैत्रिणींचे फोन टाळू लागली, झोप गेली, तर त्यासाठीही समुपदेशकाकडे जायला हरकत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिची संध्याकाळ रिकामी असणार आहे.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यायचं : जुन्या एक्स-रेची फिल्म, दुखायला लागल्याची तारीख, आठवड्याला १२० वरून ४२० हा आकडा, किती दिवस किती गोळ्या घेतल्या, पाळीच्या तारखा, आणि दोन्ही स्केट्स पिशवीत, कारण बुटाचा झुकाव हातात घेऊनच कळतो. पेनाची खूण आंघोळीत पुसली गेली तर निघताना पुन्हा कर.